रिकाम्या बंदुकीचा नेम

१

ऑक्टोबर लागला की आमच्या गावातल्या बायका दोन कामं करतात. फ्रीजरमध्ये जागा करतात आणि नवऱ्याच्या तोंडी लागणं सोडतात. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या सुमाराला साउथ डकोटातला पुरुष लग्न ठरलेल्या पोरासारखा वागतो. ताटात काय वाढलंय त्याचं भान नसतं, आणि दुसऱ्याच्या बंदुकीत खोट काढल्याशिवाय त्याला झोप येत नाही. माझा नवरा होता तोवर मीही हे सगळं केलं. आता मी एकटी, तेव्हा शेजारच्या ओरिनचं कौतुक बघते. माझ्या भांडी घासायच्या खिडकीसमोरच त्यांची बैठकीची खोली आहे. पडदा लावा असं मी कधी म्हटलं नाही आणि त्यांनीही कधी लावला नाही.

गेल्या हंगामात ओरिनने वडिलांची जुनी बंदूक पडता पडता चिखलात टेकवली आणि नळी न पाहताच बार काढला. नळीचं टोक सोललेल्या केळ्यासारखं फाटलं. तो वाचला, पण नाव पडायचं ते पडलं. वर्षभर कॉफीच्या टेबलावर त्याला सगळे 'केळेवाला' म्हणत होते. ओरिन हसत नसे. नियमाच्या बाबतीत तो फार कडक. कुणी चालताना नळी जरा खाली आणली तर त्या माणसाला त्याने शेतातून पायी घरी पाठवलेलं मी पाहिलंय, मग तो सख्खा मेहुणा का असेना. त्याच्याच हातून असं व्हावं, हे त्याला फार लागलं होतं.

नवी बंदूक घ्यायची तर इथल्या बनावटीची परवडत नाही. हल्ली सगळे तुर्कस्तानातून आलेल्या घेतात. त्यांना चारचौघांत नावं ठेवायची आणि गुपचूप जाऊन विकत घ्यायच्या, असं चाललेलं असतं. ओरिन निघाला तेव्हा मीही त्याच्या पिकअपमध्ये चढले. चिमण्यांचे दाणे संपलेत असं सांगितलं. दाणे घरात होते.

दुकान गेलनचं. ठेंगणा, मान नसलेला, डावखुरा माणूस, पण बंदूक अंगाला बसते की नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. बसते म्हणजे काय, तर समोर एखादी खूण धरायची, डोळे मिटायचे, बंदूक उचलून दस्ता गालाला लावायचा आणि मग डोळे उघडायचे. टोकावरचा पितळी मणी नळीच्या बरोबर मध्ये आणि खुणेवर दिसला तर बंदूक तुमची. नाही दिसला तर दस्त्यामागे पट्ट्या घालून माप जुळवायचं. ओरिन सहा फुटांच्या वर, मान बगळ्याची. त्याला बाजारातली बंदूक कधीच बसलेली नाही.

एकावर एक नळ्यांची एक तुर्की दुनळी गेलनने खोक्यातून काढली. ओरिनने डोळे मिटले, उचलली, डोळे उघडले. बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

"बसली," तो म्हणाला.

गेलनला ते पटेना. लांब हाताच्या माणसाला ही कशी बसेल, असं म्हणत त्याने ती हिसकावून घेतली आणि डाव्या खांद्याला लावून स्वतः डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा दुकानदार गेला होता. त्याने बंदूक खाली ठेवली आणि हात पँटला पुसले.

"एकाच्या मापाची निघते," तो म्हणाला. "दोघांच्या नाही निघत कधी."

मग त्याने ती खोक्यात घातली. दाण्यांच्या पिशवीचे पैसेही घेतले नाहीत माझ्याकडून. गेलन असं करणाऱ्यातला नव्हे.

२

हंगामाआधी घरात सराव करायची इथली रीत आहे. बंदूक रिकामी आहे ना हे दोनदा बघायचं, मग भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेघेवरून नळी फिरवायची, उडत्या पक्ष्यामागे फिरवावी तशी. त्यानंतर डोळे मिटून एखाद्या खुणेवर उचलायची. संध्याकाळी गावात कुठल्याही घरात डोकावा, एक पोट सुटलेला गृहस्थ मोजे घालून छताला बंदूक दाखवताना दिसेल.

मी भांडी घासत होते. ओरिन छताची रेघ धरून फिरत होता, छान फिरत होता. मग त्याने घड्याळावर खूण धरली, डोळे मिटले, उचलली. नळी घड्याळाच्या बरीच खाली, स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. दारात त्याची बायको लव्हॉन हात पुसत उभी होती. तिच्या खांद्याजवळ नळी थांबली.

चटका बसावा तशी ओरिनने ती खाली घेतली. खिडक्या बंद होत्या, तरी त्याने स्वतःला घातलेली शिवी मला ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी मी कुखन, म्हणजे आमच्याकडचा जर्मन केक, घेऊन गेले. पीचचं, वर मलईचा थर असलेलं. ओरिनला तेच आवडतं. त्याने हात लावला नाही. बंदूक खाली जाते म्हणाला, दस्ता आखूड असणार. पट्ट्या घालून बघितल्या, काढून बघितल्या. काल खिडकीच्या कोपऱ्यावर धरली तर उघडले डोळे लव्हॉनच्या खुर्चीवर. जिन्याच्या खांबावर धरली, तर लव्हॉन जिन्यावरून उतरत होती तिच्यावर.

"चाळीस वर्षं तेच म्हणतेय मी," लव्हॉन म्हणाली, "याचं लक्ष माझ्याकडेच असतं, फक्त कबूल करत नाही."

मी हसले, ती हसली. ओरिन उठून बाहेर गेला आणि गॅरेजचं दार आपटलं.

३

मला काय वाटलं ते सांगते. इतकी वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला बायको कुठे आहे ते डोळे मिटूनही कळतं. फळी कुरकुरते, साबणाचा वास येतो, श्वास ऐकू येतो. मनात धास्ती बसली की हात तिकडेच जातात. फाटलेल्या नळीची धास्ती होतीच. मी ओरिनला हे समजावलं. शाळेच्या खानावळीत आयुष्य गेलं माझं, फार शिकलेली नाही, पण माणसं वाढता वाढता पाहिलीत. त्याला ते पटलं, म्हणजे त्याने पटवून घेतलं.

मग त्याने परीक्षा करायचं ठरवलं. तो मागच्या खोलीत दार लावून उभा राहायचा, कानात कापूस. लव्हॉन घरात कुठेही, पायात लोकरी मोजे. मी मधल्या बोळात, दोघांची पंच. तो डोळे मिटून उचलायचा आणि ओरडून सांगायचा नळी कुठे आहे ते. टपाल आलं तेव्हा ती दारात होती. नळी भिंतीतून दाराकडे. तळघरात मशीनमध्ये कपडे टाकत होती, नळी फरशीकडे. एकदा मी तिला खुणेने परसात पाठवलं, गवतावरून, आवाज न करता. नळी परसाकडे.

खेळ होता तोवर खेळ होता. मग दोघं भांडायला लागली. ती म्हणे, परत कर ती. तो म्हणे, केळेवाला म्हणून झालं, आता बायकोला भिऊन बंदूक परत केली म्हणतील. ती म्हणे, बायकोला भीत असतास तर बरं झालं असतं. माझ्यादेखत बोलत होती दोघं, आणि बोलताना एकमेकांकडे न बघता टेबलावरच्या त्या बंदुकीकडे बघत होती. मी कॉफी ओतली. कुणी घेतली नाही. बाहेर वारा सुटला होता आणि झाडांच्या रांगेतून सारखा घरावर येऊन आपटत होता.

"शनिवारी हंगाम उघडला की लव्हॉन शेतात आमच्या शिकाऱ्यांच्या रांगेत चालणार," ओरिन मला म्हणाला. "उंच मक्यात. मला ती दिसणार नाही, तिला मी दिसणार नाही. आणि माझ्या हातात ही असेल."

मी म्हटलं, मग ही नेऊ नकोस.

"मग कळणार कसं," तो म्हणाला. काय कळणार ते त्याने सांगितलं नाही.

४

मी म्हटलं, आण इकडे, मी बघते. माझी उंची लव्हॉनच्या खांद्यापर्यंत, हात आखूड, आणि वडील गेल्यापासून मी बंदूक धरलेली नाही. माझ्या हातात ती बाकी बंदुकांसारखी वेडीवाकडी बसेल आणि विषय संपेल असा माझा हिशेब. लव्हॉन माझी बायको नाही. तिच्या साबणाच्या वासाने माझे हात कुठे जाणार नव्हते.

ओरिनने नळ्या उघडून दाखवल्या. दोन्ही रिकाम्या, आरपार उजेड. मी त्यांच्या मागच्या ओट्यावर उभी राहिले. लव्हॉन अंगणात चादरी वाळत घालत होती. मी तिच्याकडे पाठ केली, धान्याच्या उंच कोठारावर खूण धरली आणि डोळे मिटले.

ती बंदूक माझ्या गालाला आली तशी कुठलीच वस्तू आजवर माझ्या अंगाला आलेली नाही. मापाचा शिवलेला कपडासुद्धा असा येत नाही. पाय माझे हलले, हे मला समजलं. मी त्यांना हलवलं नव्हतं.

डोळे उघडले. मणी लव्हॉनवर होता. पाठीमागून, उजव्या खांद्याच्या जरा वर.

बंदूक खाली घ्यायची सोडून मी बघत राहिले. हा माझा स्वभाव. लव्हॉन चिमटे घ्यायला खाली वाकली. पार टोपलीपर्यंत वाकली. मणी तिच्याबरोबर खाली गेला नाही. होता तिथेच राहिला, तिच्या वाकलेल्या पाठीच्या वर, जिथे नुसती हवा होती. मग वाऱ्याने चादर फुगली आणि मागे आली, आणि मोकळी फडफडायच्या ऐवजी मधेच कशावर तरी टेकली. खांद्याएवढ्या उंचीवर, उंच माणसाच्या. क्षणभरच. मग सुटली.

लव्हॉन उठून उभी राहिली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला गेली. मणी जरा थांबला आणि मग तिच्या मागून गेला. नेमका मागून. बंदूक माझ्या हातात होती, पण फिरवत मी नव्हते.

मी ती ओरिनकडे दिली. त्याने विचारलं, तिच्यावरच ना. मी म्हटलं, नाही.

५

लव्हॉनला मीच सांगितलं. ओरिनच्याने सांगवेना. मी तिचे हात धरून सांगितलं की बंदूक तुझ्यावर नाही, तुझ्या मागे आहे. तिने मान वळवली नाही. खुर्ची उचलली, भिंतीला लावली आणि पाठ भिंतीला टेकून बसली. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. ओरिन तिकडे बघत होता. भिंतीने ते अडेल कशावरून, हे त्याच्या मनात आलेलं मला कळलं, तिलाही कळलं.

त्यानंतर ती उतरत गेली. वाढलेलं जेवण तसंच. उभी राहिली की एका जागी सारखी सरकायची, पाठीला काही लागू नये अशी. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसेना, पहिल्याही नाही. बायका मला विचारायच्या, तिला काय झालंय. मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, मला माहीत नाही. ओरिन रोज संध्याकाळी उचलून बघायचा. पूर्वी मणी तिच्या खांद्यामागे हातभर दिसे. आता तिच्या केसांना लागून दिसतो, म्हणाला. तिला ऐकू जाऊ नये म्हणून गॅरेजमध्ये सांगितलं मला, पाने-पक्कड आवरत, आणि त्याचे हात थांबत नव्हते.

मी तिची लहानपणापासूनची मैत्रीण. एका बाकावर बसलो, एका वर्षी लग्नं झाली, माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर ती माझ्या पलंगाच्या कडेला झोपली. मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी तिच्या मागे चालायला लागले. ती स्वयंपाकघरात, मी तिच्या मागे. ती टपाल आणायला, मी तिच्या मागे, पाठीला पाठ लागेल इतकी जवळ.

"किती चिकटशील," ती म्हणाली. "लग्न केलंस का माझ्याशी?"

मी म्हटलं, ओरिनला विचार, सोडतो का ते.

कितीतरी दिवसांनी हसली. मी तिच्या आणि जे काय होतं त्याच्या मधल्या जागेत उभी होते. गार होती ती जागा. वाऱ्याची गार नव्हे. तळघरात जुना दगड असतो, तशी. मानेवर कुणी वाकून वाचतंय असं वाटायचं. मी हलले नाही. मी म्हटलं, मनाचे खेळ आहेत, आणि हलले नाही.

हंगामाच्या आदल्या दिवशी दुपारी ओरिनने बैठकीत बंदूक उचलली. लव्हॉन खिडकीशी होती, मी टेबलाशी पाव कापत. त्याने डोळे उघडले.

मग हळू म्हणाला, "आर्लिस, जरा डावीकडे हो."

मी डावीकडे झाले. त्याची नळी क्षणभर तिथेच राहिली. मग माझ्यामागे आली.

लव्हॉनने ते पाहिलं. तिने तोंडावर हात घेतला, पण त्याआधी तिचा श्वास सुटला. इतक्या दिवसांत न सोडलेला, मोकळा. तिला तो आवरता आला नाही. मला त्याचा राग आला नाही. ओरिनचा आला. कारण संध्याकाळी तो खोकं घेऊन माझ्या ओट्यावर आला, ते दाराशी ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुलाच लागेल आता ही." शेजाऱ्याचा रंधा परत करावा तसा.

सकाळी तो उसन्या बंदुकीने शेतात गेला. लव्हॉन रांगेत चालली. तिला काही झालं नाही. सगळ्यांत मोठा नर पक्षी तिनेच पाडला म्हणे.

६

आता मी रोज उचलते. आधी नळ्या उघडून बघते, मग बैठकीत मधोमध उभी राहते, डोळे मिटते. खूण धरायचं सोडून दिलंय. डोळे उघडल्यावर मणी जिकडे असेल तिकडे ते असतं. पहिल्यांदा न्हाणीघराच्या दारात. मग नवऱ्याच्या कोटाच्या खुंटीपाशी. मग जिन्याच्या तळाशी. बंदुकीने दिशा कळते, अंतर कळत नाही. मणी भिंतीवर असला तर भिंतीच्या अलीकडे की पलीकडे, हे मला ती सांगत नाही.

बाकी घर ठीक आहे. नळ गळतो तसाच गळतो. फ्रीज घरघरतो आणि थांबतो, आणि थांबला की मी काम सोडून उभी राहते. कधी कधी माझं मलाच हसू येतं. एक म्हातारी होत चाललेली बाई, पायात मोजे, रिकाम्या बंदुकीने स्वतःच्या घरात काय शोधतेय. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी देतील, आणि मी ती घेईनही. पण माझे आखूड हात, गेलनचा डावा खांदा, ओरिनची बगळ्याची मान, तिघांना एकच दस्ता बसतो, याला डॉक्टर काय देतील?

लव्हॉन येते. पहिले दिवस नाही आली, लाज वाटली असेल. मग यायला लागली, रोज, हातात काहीतरी झाकलेलं घेऊन. मी तिला ओट्यावरूनच परत पाठवते. घर आवरलेलं नाही म्हणते, सर्दी झालीय म्हणते. तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तिचा रंग परत आलाय, गालावर वाऱ्याची लाली आहे, आणि ती माझ्या खांद्यावरून आत बघायचा प्रयत्न करते. मी दार ओढून घेते.

काल ऊन उतरल्यावर मी बैठकीत उभी राहिले. नळ्या पाहिल्या, मिटल्या, डोळे मिटले. दस्ता गालाला आला. पण नळी नेहमीच्या उंचीपर्यंत आलीच नाही. मधेच थांबली. कशाला तरी टेकली होती.

मऊ होतं ते. खुंटीवरच्या कोटाला काठी लावावी, तसं किंचित आत गेलं आणि मग आत जाईना. मी डोळे उघडले नाहीत. फ्रीज बंद होता. नळीवर भार होता, आणि तो भार जरा मागे-पुढे होत होता, श्वास घेतल्यासारखा.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"आर्लिस, आत येते गं," लव्हॉन म्हणाली. "आज तू नाही म्हटलंस तरी येणार. कुखन आणलंय, आपण दोघी बसून खाऊ."

दाराला कडी नव्हती. आमच्याकडे दिवसा कुणी कडी लावत नाही. नळीवरचा भार हलला. सावकाश तो दाराकडे वळला, आणि त्याच्याबरोबर बंदूक वळली, आणि बंदुकीबरोबर मी. दाराची मूठ फिरल्याचं ऐकू आलं.

मी तिला जे बोलले ते इथे लिहिते, म्हणजे कधी तिच्या हाती हे पडलं तर तिला कळेल की ते कुणासाठी होतं.

"आत पाऊल टाकू नकोस," मी म्हटलं. "तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला. सुटलीस तेव्हा कसा श्वास टाकलास ते पाहिलंय मी. चालती हो, आणि परत येऊ नकोस."

मूठ तशीच राहिली. मग सुटली. ओट्याच्या फळ्या वाजल्या, पायऱ्या वाजल्या. गवतावरून पावलं गेली. त्यांचं दार उघडलं आणि लागलं.

नळीवरचा भार अजून दाराकडेच होता. मी डोळे मिटून उभी होते, हात भरून आले होते, आणि मी मनात म्हणत होते, इकडे, इकडे.

बऱ्याच वेळाने तो हळूच माझ्याकडे वळला. मला हायसं वाटलं.